आप्पांना घरी आणायचा विमा

विम्यावरनं आमच्या विट्याच्या घरात काय झालं, ते ऐका. आप्पा दुबईला माझ्या भावाकडे निघाले होते आणि झोप उडाली होती माझी.

"आप्पा, तुमच्या विम्यात तिथल्या दवाखान्याचा खर्च आहे. पण पाय मोडला तर स्ट्रेचरवर झोपवून, डॉक्टर सोबत देऊन विमानानं घरी आणायचं कलम नाही. ते घेऊया."

आप्पा भडकले. "फौजेतनं मी माझ्या पायानं घरी आलोय. आन् आता निघायच्या आधीच मला आणायची भाषा?"

मी दचकून चहा सांडला.

आई डबा भरत म्हणाली, "आवं, निघताना आपण 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो. पोरगी त्येच लिहून घ्या म्हणतीया."

आप्पांनी सही केली. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "येतो गं."

"या," आई म्हणाली. "आला न्हाई, तर आणत्यात."