चाळीस फरश्यांचं अंतर

...नाही, पण तुम्हीच सांगा, बारा मीटर म्हणजे किती हो? तुम्ही म्हणाल, बारा मीटर म्हणजे बारा मीटर. तसं नाही! मी फरश्या बसवणारा माणूस. माझ्या लेखी बारा मीटर म्हणजे तीस सेंटिमीटरच्या चाळीस फरश्या, एकापुढे एक, बैठकीच्या खोलीपासून लावत सुटलात तर स्वयंपाकघर ओलांडून थेट शेजाऱ्याच्या कोंबड्यांत पोचाल! आणि एवढं अंतर आपण पुढच्या सायकलवाल्यापासून ठेवायचं. मुद्दाम! ट्रायथलॉनचा, त्या पोहा-सायकल-पळा शर्यतीचा, नियम आहे म्हणे! आमच्या फ्लँडर्समध्ये, आमच्या हाझेबेके गावात, जिथं समुद्रावरून सुटलेला वारा अडवायला मधे एक झाड नाही, नुसतं साखरबीट पसरलंय, तिथं पुढच्या माणसाच्या मागं चाळीस फरश्या सोडायच्या! म्हणजे पावसात छत्रीवाला माणूस भेटला, आणि आपण त्याच्यापासून चाळीस फरश्या लांबून भिजत चाललो... का? तर नियम!

मी फारसा बोलत नाही, माफ करा. आज बोलतोय, कारण हे साचलंय.

आमचे बाबा, फर्मिन, तीस वर्षं गावात सायकलवरून टपाल वाटायचे. मी आठ वर्षांचा असताना त्यांनी मला आपल्या मागं घेतलं. त्यांच्या मागच्या चाकात आणि माझ्या पुढच्या चाकात दोन बोटांचं अंतर. दोन बोटं! फरशी नाही, फरशीचा सांधा म्हणा! आणि वळून न बघता ओरडायचे, "वान्नस! चाक सोडायचं नाही!" चाक सोडलं की वारा लागतो, वारा लागला की पाय जातात, पाय गेले की माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस घरी उशिरा येतो. शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली, फार काही शिकलो नाही, पण हे शिकलो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बोलणं कमीच. आठवडाभराचं बोलणं बाबा रविवारी एका वाक्यात उरकायचे. गावोगावच्या जत्रेतल्या सायकल शर्यती असतात ना, तिथं कुठल्या तरी कोपऱ्यावर उभं राहून, मी समोरून गेलो की, "चाक सोडायचं नाही!" बस. त्यात 'कसा आहेस', 'जेवलास का', 'गुडघा दुखतोय का', सगळं आलं.

आणि मी सोडायचो नाही हो! कधीच नाही! म्हणूनच तर कधी जिंकलो नाही. जिंकायला शेवटी बाहेर पडून पुढं जावं लागतं, आणि पुढं जायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागतं, 'जरा बाजूला हो' वगैरे. मला ते जमत नाही. मी आपला चौदावा. सतरावा. एकदा अकरावा, पण तेव्हा दोघं पडले होते.

मेमधलीच गोष्ट. मोलेनहूकची जत्रा. माझ्या पुढं एक लाल टोपीवाला, काय सुंदर चाक होतं त्याचं, सरळ, शांत, इस्त्री केल्यासारखं! मी चिकटलो. पाचव्या फेरीला तो उजवीकडे वळला, मी वळलो. मग डावीकडे, मीही डावीकडे. मग एक फाटक आलं, तो आत गेला, मी आत गेलो. तो उतरला, मी ब्रेक दाबला. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय.

"काय हवंय?" म्हणाला.

"शर्यत..." म्हटलं.

"शर्यत मी सोडली. पोट बिघडलंय. हे माझं घर आहे!"

तेवढ्यात खिडकीतून त्याची आई, "मित्राला आणलंस होय रे! ये बाळा, आत ये, टोमॅटोचं सूप केलंय, खिम्याचे गोळे घातलेत!" आता नाही कसं म्हणायचं? दोन वाट्या प्यायलो. परत आलो तर शर्यत संपलेली, दोऱ्या गुंडाळलेल्या, आणि बाबा एकटे कोपऱ्यावर.

"कुठं होतास?"

"चाक सोडलं नाही, बाबा."

त्यांनी जरा विचार केला. "बरोबर केलंस," म्हणाले.

असे आमचे बाबा!

आता हे पोहणं मधे कुठून आलं, तर तेही फरशीतूनच. त्याआधीच्या हिवाळ्यात पालिकेच्या तलावाच्या तळाला आम्ही नव्या फरश्या बसवल्या. काम झालं, पाणी भरलं, आणि माझ्या मनात किडा वळवळायला लागला... तिसऱ्या मार्गिकेत, भिंतीकडून सहावी फरशी. वाकडी बसली होती का? मीच बसवली होती, शुक्रवार होता, घाई होती. बघणार कसं? पाण्याखाली गेलेली! मग तिकीट काढलं, पोहण्याचा चष्मा घेतला, उतरलो. वाकडी होती. कुणाला बोललो नाही. पण रोज जायला लागलो, कुणाला दिसतेय का ते बघायला. आणि रोज तिच्यावरून जाता-येता मला पोहता यायला लागलं! तिथल्या शिक्षिका देल्फीनबाई एक दिवस काठावर वाकून म्हणाल्या, "अरे, तू रोज दोन किलोमीटर पोहतोस, सायकल आहे, पाय आहेत, ट्रायथलॉन का करत नाहीस?" मी नाही म्हणू शकलो नाही. तुम्हाला कळलं असेलच एव्हाना, मला ते जमतच नाही.

बाबांना जूनमध्ये सांगितलं. जेवताना. बटाटे होते.

"पोहणार?" बाबा. "पोहायचं बदकांनी."

"हो, बाबा."

"मग पळणार? पळायचं चोरांनी. आणि सायकल?"

"सायकल मधे."

"मधे!" काटा खाली ठेवला त्यांनी. "सायकल मधे! पावाच्या तुकड्यांत चीज घालतात तशी सायकल मधे!"

"आणि बाबा... चाकामागं राहायचं नाही. बारा मीटर सोडायचे. नियम आहे."

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. ताट उचललं, धुतलं, पुसलं, फडताळात ठेवलं आणि म्हणाले, "मी येणार नाही."

आणि नाही आले! जुलैत दोन झाल्या, लहान अंतराच्या. देल्फीनबाई आल्या, त्यांचा कुत्रा आला, बाबा नाहीत. चाळीस फरश्या मी अशा पाळल्या म्हणून सांगू, पंचसुद्धा मोटरसायकलवरून बघून मान डोलवायचे! आणि मजा बघा, वाऱ्यात एकटा चालवायला लागल्यावर कळलं, मला जोर आहे! कुणाला 'बाजूला हो' म्हणायला नको, लांबूनच वळसा घालून पुढं! दुसऱ्या शर्यतीत आठवा आलो. आठवा! पण प्रत्येक कोपऱ्यावर मान वळायची. कोपरा रिकामा. एखादी म्हातारी, एखादा चिप्स खाणारा. आठवा आलेल्या माणसाला घरी जाऊन सांगायला कुणी नसेल, तर तो आठवा आला की नाही, कुणास ठाऊक?

मग ऑगस्टअखेरची मोठी शर्यत. आमच्याच गावची. कालव्यात जवळजवळ दोन किलोमीटर पोहा, नव्वद किलोमीटर सायकल, वर एकवीस किलोमीटर पळा. मी ठरवलं होतं, या वेळी नाही आले तर पुढच्या वर्षी गुपचूप जत्रेच्या शर्यतींकडे परत. सतरावा तर सतरावा. कोपऱ्यावर माणूस पाहिजे.

झालं असं, हे मला नंतर कळलं, की चौकातल्या कॅफेच्या गोदलीव्हकाकूंनी सकाळी आमच्या दारावर थाप मारली. "फर्मिन! शर्यत तुझ्या दारावरून चाललीय. पडदे ओढून बसणारेस का?"

"मला ट्रायथलॉन बघायची नाही."

"मग बघू नकोस! सायकल बघ! ती मधे आहे!"



मी पाण्यातून बरा निघालो, सायकलवर तर उडतच होतो. सत्तर किलोमीटर झाले, मी चौथा! माझ्यापुढं गेंटचा कुणी दातांचा डॉक्टर, पांढरी सायकल. त्याच्यामागं मोजून चाळीस फरश्या. चर्चचं वळण आलं, माझी मान सवयीनं वळली, आणि...

बाबा! टपालखात्याचं जुनं जाकीट घालून! शेजारी गोदलीव्हकाकू, आख्खा कॅफे, हातात ग्लास, चीजचे तुकडे, मोहरी! आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं, माझ्यापुढची ती मोकळी चाळीस फरश्यांची जागा बघितली, त्यांचा चेहरा असा झाला जसं कुणी पेटत्या घरासमोर पेपर वाचत बसलेलं दिसावं, आणि छाती भरून...

"वान्नस! चाक सोडायचं नाही!"

तुम्हाला सांगतो, मी काही केलं नाही. पायांनी केलं! चौदा वर्षांची सवय! डोकं म्हणतंय चाळीस, पाय म्हणतायत दोन बोटं! दहा सेकंदांत मी त्या डॉक्टरच्या मागं असा चिकटलो की त्याच्या पाठीवरचे तीळ मोजावेत! आणि काय बरं वाटलं हो... वारा बंद! मागून कॅफे ओरडतोय, "शाब्बास!"

आणि शिट्टी. मोटरसायकल. पंचबाईंनी निळं कार्ड दाखवलं. शिक्षा म्हणून पाच मिनिटं तंबूत थांबायचं.

तंबू चर्चच्या पलीकडेच. बाबा धावत आले आणि पंचबाईंना धरलं, "बाई, पोरानं केलं काय? चाक बघितलंत का त्याचं? एक रेघ! असा मागं राहणारा दाखवा तुम्ही मला या शर्यतीत!"

"काका, तोच तर गुन्हा आहे."

"गुन्हा?"

"बारा मीटर सोडायला हवेत."

बाबा तंबूभोवतीच्या दोरीपाशी येऊन उभे राहिले. दोरीच्या आत मी, सायकल धरून. बाहेर ते, टोपी धरून.

"माझ्यामुळं झालं?" म्हणाले.

"नाही, बाबा."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

ते गेले नाहीत. तेही पाच मिनिटं उभे. एक-एक सायकल समोरून चाललीय, मी चौथ्याचा दहावा, दहाव्याचा पंधरावा होतोय, आणि खरं सांगू, घाई वाटत नव्हती. शेवटी त्यांनी घसा खाकरला. "पाण्यात... भीती नाही ना वाटली?"

"नाही. पाण्यात पुढच्याच्या पायांमागं राहिलं की सोपं जातं."

"पायांमागं? किती मागं?"

"दोन बोटं."

"आणि ते चालतं?"

"पाण्यात चालतं."

"मग हे जूनमध्ये का नाही सांगितलंस, गाढवा!"

पुढं काय, सायकल संपवली, पळायला लागलो, चर्चचं वळण परत आलं. बाबा तिथंच. मला येताना बघितलं, तोंड उघडलं, आणि अडले. पळणाऱ्याला काय ओरडतात ते त्यांना माहीतच नव्हतं! काकूंकडे बघितलं, काकूंनी खांदे उडवले. शेवटी ओरडले, "चाक सोडायचं नाही!" चाक नाही, सायकल नाही, पायात नुसते बूट! पण मी सोडलं नाही. एकतिसावा आलो. कॅफेत फळ्यावर लिहिलंय अजून, 'एकतिसावा', आणि खाली बाबांच्या अक्षरात, 'पाच मिनिटं धरायची नाहीत.'

म्हटलं, चला, मिटलं. सुख आलं. पण नाही! आता हिवाळा लागलाय, आणि बाबा रोज तलावावर येतात! त्यांच्या मते पोहणं हा अतिशय शहाणा खेळ आहे. बुटांवर ती निळी प्लास्टिकची पिशवी चढवून काठाकाठानं चालतात, माझ्यापुढं पोहणाऱ्या त्या बिचाऱ्या निवृत्त मास्तरीणबाईंच्या पायांकडे बोट दाखवून ओरडतात, देल्फीनबाई शिट्ट्या फुंकून दमल्या.

आणि काल तिसऱ्या मार्गिकेच्या टोकाला ते थांबले. वाकले. चष्मा पुसला, परत वाकले. मी भिंतीला हात लावून डोकं वर काढतोय तोच म्हणाले, "वान्नस, ही भिंतीकडून सहावी फरशी... वाकडी आहे. कुठल्या गाढवानं बसवली रे?"

मी श्वास घेतला, आणि खाली गेलो. तिथं आवाज येत नाही.