तेराव्या रेघेवरचा ठिपका

घड्याळाचा सेल बदलायला आलेल्या बाईंचा नंबर यायचा होता. पुढे काउंटरवर बहीणभावाची चांगलीच जुंपली होती. मध्ये होतं वडिलांचं जुनं, बटण दाबलं की सेकंद मोजणारं मनगटी घड्याळ.

“मशीन अस्सल स्विस आहे. पण डायल कुणी रंगवली?” घड्याळजींनी विचारलं.

“मी रंगवून घेतली,” भाऊ म्हणाला. “म्हटलं, चकचकीत दिसली तर जास्त किंमत येईल.”

“उलट निम्म्यावर आली. पिवळी पडलेली का असेना, लोकांना मूळ डायल लागते.”

“मला विचारलंस तरी का रे?”

“ताई, बाबांचं घड्याळ काय तुझं एकटीचं आहे?”

“मैदानावर माझी वेळ कशावर घ्यायचे ते?”

“थांबा,” घड्याळजी म्हणाले, “तेराव्या सेकंदावरचा लाल ठिपका कुठे गेला? पोरगी तेरा सेकंदांत शंभर मीटर धावली म्हणून तुमच्या वडिलांनी माझ्याकडून काच उघडून तो लावून घेतला होता.”

“तो डाग? सगळ्यात आधी तोच खरवडायला लावला मी.”

“दे इकडे. विकायचं नाही आता.”

“अगं, पण त्यात राहिलंय काय?”

“तुझा पराक्रम! रोज हातात घालून तुझ्यासमोर बसणार आहे मी.”