पोट भरून, पाय दमवून

...नाही, पण तुम्हीच सांगा, ज्या बापानं मी कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी 'पंखा बंद कर' आणि 'दार लाव' यापलीकडे एक शब्द खर्च केला नाही, तो बाप अचानक परदेशातून फोन करतो आणि म्हणतो, "ये बेटा, आपण तिघं मिळून फिरू." बेटा! मला! गाढवापासून दिवट्यापर्यंत सगळं म्हणून झालं होतं, बेटा पहिल्यांदाच! मी फोन कानापासून लांब धरून नंबर परत बघितला. तुम्हाला सांगतो, तिथंच ओळखलं... कुठंतरी पाणी मुरतंय.

बसा ना, इथं गच्चीतच बसा. चष्मिस, तू त्या टाकीला टेकून बस, वारा येतो. जाड्या, दम लागला? हो रे, लिफ्ट चालू होती, माहितीये मला, पण जिन्यानं आलं की जरा... असू दे. ऑम्लेट-पाव पोटभर झाला ना दोघांचा? मग ऐका.

माझे आई-बाप तुम्ही बघितलेले नाहीत, तुम्ही माझ्याकडे राहायला आलात तेव्हा ते निघून गेले होते. दोघंही शाळामास्तर. रिटायर झाले, आणि ज्या वयात लोक गुडघे चोळत बागेत बसतात त्या वयात यांना मिशनची सेवा सुचली. परदेशी जायचं, तीन वर्षं राहायचं, प्रार्थना चालवायच्या, आणि लोकांच्या घरी जाऊन त्यांची दुःखं ऐकायची. लोकांची! ज्या माणसानं माझं एक वाक्य क्रियापदापर्यंत पोचू दिलं नाही, तो सातासमुद्रापार जाऊन परक्यांची दुःखं ऐकणार!

पण मी म्हटलं, जा. तीन वर्षांनी येतीलच ना परत? तोपर्यंत मी भांडण तयार करतो. केलंही. रोज आंघोळ करताना बोलून बघायचो. "माझं आयुष्य होतं, इंजिनिअरिंगला घालताना मला एकदा तरी विचारलंत?" इथं जरा थांबायचं, नजर रोखायची. मग पुढचं. असलं बांधीव भांडण! आता येणार, येत्या काही महिन्यांत येणार, तोच हा फोन. तिकीटसुद्धा पाठवलं. कॉलेजची फी भरताना ज्यांचा चेहरा दाढ काढल्यासारखा व्हायचा, त्यांनी!

गेलो. विमानतळावर दोघं उभे. छातीवर मिशनचे बिल्ले, चेहऱ्यावर हसू. बाबांच्या चेहऱ्यावर हसू, मंडळी! मी पन्नास पावलांवरून ओळखलं नाही, मला वाटलं आईबरोबर दुसरंच कुणीतरी आलंय.

खोली त्यांची मिशनच्या हॉलच्या वर. दोन पलंग, एक खिडकी, फ्रिजमध्ये प्रत्येकाच्या डब्यावर नावाची पट्टी. आणि नियम काय, तर कुणी एकट्यानं बाहेर पडायचं नाही, कायम जोडीनं. दूध आणायला जोडीनं, कचरा टाकायला जोडीनं! जो माणूस लग्नाला जाताना बायकोच्या कायम वीस पावलं पुढं असायचा, जणू ही बाई योगायोगानंच त्याच रस्त्यानं चाललीय, तो आता कचऱ्याची पिशवी धरून म्हणतो, "अगं, येतेस ना?" आणि कप धुतो! साबणानं! दांडीच्या आतून बोट फिरवून! मी आईला हळूच विचारलं, "यांना काही झालंय का? डॉक्टर काय म्हणतात?" तर ती म्हणते, "काही नाही रे, माणूस बदलतो." माणूस बदलतो? चौतीस वर्षं शाळेत पट्टी आपटणारा? पाणी मुरतंय म्हटलं!

त्यात मिशनच्या प्रमुख बाई भेटायला आल्या. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचनात. "अच्छा... म्हणजे हाच तो मुलगा!" हाच तो? हाच तो म्हणजे कोणता तो? माझं चित्र लावून प्रार्थना चालू होती का खाली?

आणि मग मला सगळा डाव कळला. दुपारी पडलो होतो, खाली हॉलमध्ये बाबा नव्या आलेल्या जोडप्यांना शिकवत होते. आवाज वर स्वच्छ. मास्तरचा आवाज, जन्मभर शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला. "लक्षात ठेवा, अवघड गोष्ट कधीही माणसाच्या घरात सांगायची नाही. घरात दार असतं, तो उठून दार आपटतो, संपलं. आधी त्याला पोटभर खाऊ घाला. मग खूप चालवा. मग पाण्याकाठी न्या, नाहीतर उंचावर न्या, बसवा, आणि मग सांगा. भरल्या पोटानं, दमल्या पायांनी माणूस फार लांब पळत नाही."

मी ताडकन उठून बसलो. सकाळपासून आई मला टोस्टवर टोस्ट वाढत होती! आणि बाबांनी भिंतीवर फिरायचा कार्यक्रम लावला होता... तळं, म्युझियम, घंटेचा मनोरा! म्हणजे हे फिरणं नव्हतंच, हा सापळा होता. मला कॉलेजात परत घालणार. नाहीतर त्याहून वाईट, बिल्ला लावणार!

ठरवलं, सापडायचं नाही. पहिल्या दिवशी तळं. चालवून चालवून पायाचे तुकडे केले, मग बाबांनी बाक गाठला, रुमालानं पुसला, खाकरले. "बरं का..." झालं, आलं! माझं भांडण ओठावर! आणि तेवढ्यात आई ओरडली, "अय्या, ती बदकं बघा!" बाबा म्हणाले, "कुठं, कुठं?" गेलं. मला कळेना, ही माझ्या बाजूनं की त्यांच्या? नंतर तळ्याच्या दुसऱ्या टोकाला आई म्हणाली, "हे बघ राजा..." तर बाबांनी घाईघाईनं विचारलं, "आइस्क्रीम कोण कोण खाणार?" साठीच्या पुढची माणसं, जगाची दुःखं झेलतात, आणि पोटच्या पोराशी बोलायचं तर बदकं आणि आइस्क्रीम!

दुसऱ्या दिवशी म्युझियम. इथं मी डोकं लावलं. छत आहे, दारं आहेत, म्हणजे इथं सांगणार नाहीत! मग काय, बाहेर पडतो कशाला? प्रत्येक फुटक्या मडक्यासमोर उभा. प्रत्येक गंजक्या खिळ्याखालची पाटी वाचली, वाचून झाल्यावर परत वाचली. रखवालदार दिवे घालवायला आला तरी मी एका हाडाकडे टक लावून. आणि मागे आई बाबांना कुजबुजत्येय, "बघितलंत? याला इतिहासाची केवढी आवड! आपण उगाच इंजिनिअरिंगला घातला." आणि बाबा चक्क म्हणाले, "हं. चुकलंच." चुकलंच! मंडळी, माझ्या भांडणाची अर्धी हवा त्या हाडासमोर गेली. हे असं फुकटात कबूल करतात? पाणी नुसतं मुरत नव्हतं, पार पायापर्यंत गेलं होतं!

तिसऱ्या दिवशी घंटेचा मनोरा. आईनं तीन अंड्यांचं ऑम्लेट घातलं. तिथंच समजलो, आज नक्की. पायऱ्या म्हणजे अशा, की मध्येच माणूस आपण चढतोय की उतरतोय ते विसरतो. वर पोचलो तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, बाबा मात्र ताजेतवाने. सरावाचं काम ना! बाक होताच. बसलो. या वेळी बदकं नव्हती.

बाबा म्हणाले, "आम्ही परत येत नाही."

मी म्हटलं, "कॉलेजात मी जाणार नाही!" म्हणजे तयारच होतं ना, सुटलं तोंडातून.

"कॉलेज? कुठलं कॉलेज?" बाबा आईकडे बघायला लागले. "ते तुझं तू बघ रे. आम्ही म्हणतोय, आम्ही इथंच राहतोय. काम आहे, माणसं आहेत. कायमचंच म्हण."

आई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. "चिडलास?"

चिडलो? अरे, माझं भांडण! तीन वर्षं पोसलेलं, तेल लावून उभं केलेलं! ते आता कुणाशी करू? भिंतीशी? घर झाडून ठेवलं होतं मी... हो, झाडलं होतं, हसू नको जाड्या. बाबांच्या खुर्चीवर तुम्हाला बसू देत नव्हतो, आठवतंय? ते काय खुर्ची महाग म्हणून? मी ओरडलो, "अहो पण मला एकदा तरी विचारायचंत!" तेच वाक्य! जसंच्या तसं! थांबलो, नजर रोखली...

बाबा शांतपणे म्हणाले, "तू कॉलेज सोडलंस तेव्हा आम्हाला विचारलं होतंस?"

संपलं. पुढचं पाठांतरच गेलं सगळं. आणि वर म्हणतात, "ओरड बेटा, मोकळा हो. इथं वर कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तर आणलंय." मी श्वास भरला, तोंड उघडलं... आणि एका कुटुंबानं माझ्या हातात कॅमेरा दिला. फोटो काढा म्हणे. काढला. मग त्यांनी आमचा काढला. बघा, हा. आई-बाबा कसे हसतायत, लग्नात सुद्धा इतके हसले नव्हते. आणि मधे मी, तोंड उघडं. आई म्हणते, तूसुद्धा किती छान हसलायस.

उतरताना आईनं उरलेलं सांगितलं. त्यांच्या मिशनचं एक जोडपं सेवा संपवून इकडे परततंय, त्यांना राहायला घर नाही, म्हणून आपलं घर... म्हणजे माझी खोली माझीच आहे. फक्त हॉल आणि आतली खोली. म्हणजे... तुम्ही दोघं जिथं झोपता ती.

काय रे चष्मिस, असा का बघतोयस? काय म्हणालास, ऑम्लेट का घातलं ते आत्ता कळलं? पाणी मुरतंय कसलं, मुरून कधीच बसलंय! पुढच्या महिन्यात येतायत ते. बस खाली, जाड्या, उठू नको, तुझ्याच्यानं आत्ता जिना उतरवणार नाही. अरे, मला काय कमी वाईट वाटतंय? शिव्या दे हवं तर, माझ्या बापाला दे, मला दे. ओरड बेटा, ओरड, इथं वर कुणाला ऐकू जात ना...

काय म्हणालो मी आत्ता? बेटा?

घ्या. बाबांची खुर्ची तेवढी रिकामी राहिली होती, तिच्यावरही मीच बसलो.