चुनचॉनच्या तळ्यावर बुढ्याचा घास

...अन मंग काय तं, कावळा शिवेच ना. तुमाले सांगते, आमचा बुढा, माहा नवरा, गेला तसा दर पितरपाटात त्याचा घास ठेवते, पण आमच्या गावचे, उंद्रीचे सारे कावळे शेजारच्या गोजरबाईच्या सासऱ्याचा घास खातेत, आमच्या पत्रावळीकडं ढुंकूनबी पाह्यत नाहीत. अन बुढा सपनात येते, उंबऱ्यावर रिकामी थाळी घेऊन बसते. नुसता खोकलते. आता मेलेल्या माणसानं इतकं रुसावं काय?

पोरगा निवृत्ती म्हणे, "आई, माह्याकडं चाल कोरियात, चुनचॉनले. तळेच तळे हायेत, खायाची चैन हाय." म्हणलं चाल, भूत काही इमानाचं तिकीट काढत नाही. गेली. तं ते तळे कसे? धरण बांधून गावंच्या गावं बुडवली म्हणे खाली, अन सकाळी पाण्यातून असं धुकं निंघते, का आपलाच हात आपल्याले दिसत नाही. हाटेलात कोंबडी तं टेबलातल्या तव्यावर, आपल्या पुढ्यातच परततेत, लालभडक, पत्ताकोबी घालून. मी खाऊन राह्यली, अन मागून... खोकला. निवृत्ती म्हणते, "कोणाले तरी ठसका लागला, आई." हाव रे बापू, नवऱ्याचा ठसका मले वळखू येत नाही काय?

बुढ्याची तिथी आली. केळीचं पान कुठचं, पत्ताकोबीच्या पानावर वरण-भात, वडे, कढी मांडली तळ्याकाठी, अन धुक्यात उभी राहून लागली बोंबलाले, काव, काव. एक काळा आला, खांबावर बसला. पाहे नुसता. म्हणलं, या ना हो उकंडराव, इतकं रुसावं काय? ढिम्म.

तितक्यात निवृत्तीची घरमालकीन बुढी पळत आली. तिकडं कावळा म्हणजे मौत, अन ही बाई त्याले आवतन देऊन राह्यली! "आयगो, आयगो" करत तिनं मूठभर मीठ भिरकावलं, इडापिडा पळवाले. पडलं सारं पानावर. अन तवा कावळा उतरला खाली. भातात चोच, वड्यात चोच, पान सफा.

म्हणलं, हा तं बुढाच. जलमभर तोंड वाकडं करे तो, "कोकिळे, आळणी हाय." मेला तरी तेच.

तवापासून सपनात येणं बंद. मी उंद्रीले वापस आली. परवा निवृत्तीचा फोन, "आई, त्या बुढीच्या भिंतीवर रोज एक कावळा बसते. हाकलला तं जात नाही. आता तीच त्याले भात घालते."

म्हणलं, बसू दे. जिता होता तवा तरी कुठं घरी बसे?