टाके कुणाचे

ग्रीसमधल्या कास्तोरियात फरच्या धंद्याचं संग्रहालय निघणार होतं. जुन्या वस्तू देणाऱ्यांच्या रांगेत माझ्यापुढे सत्तरी ओलांडलेले बहीणभाऊ होते. भावाकडे फरचे बारीक तुकडे जोडून शिवलेला कोट, बहिणीकडे फॉर्म.

“ताई, शिवणाऱ्याचं नाव लिही. झिसिस.”

“कुठला झिसिस?”

“आजोबा.”

“हा कोट झाला तेव्हा आजोबांना दिसत नव्हतं.”

“मग नाऊम. आपले बाबा.”

“बाबा फर कापायचे. त्यांच्या हातात सुई कधी पाहिलीस?”

“मग पणजोबा नाऊम असतील. नाऊमचा झिसिस, झिसिसचा नाऊम, डोकं गरगरतं माझं. एखादं वेगळं नाव ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“तू तुझ्या मुलाचं काय ठेवलंस?”

“नाऊम. आजोबांचं नाव नातवाला, रीत आहे ती. थांब, कोट उलटा करून टाके बघू. हे काय, हे उलट्या बाजूला तिरके आहेत. डावखुऱ्याचे.”

“असतील.”

“आपल्या घरात डावखुरं कुणी नव्हतं. मी पन्नास वर्षं या धंद्यात काढली, मला माहीत नसणार?”

“तुलाच माहीत असणार.”

“दुसऱ्याच्या घरचा तर नाही हा?”

“आपल्याच घरचा आहे.”

“मला काही कळत नाही. लिही, ‘नाऊम किंवा झिसिस’. आटप, नंबर आला आपला.”

बहिणीनं पर्स उजव्या हातात घेतली, डाव्या हातात पेन धरलं आणि बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं, ‘नाऊम किंवा झिसिस’.