बोल्ट बंद झाला होता

मी रायफली तपासायचं काम काऊन सोडलं, हे तुम्ही नेहमी विचारता. आज सांगतोच.

पुलगावजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलींची देखभाल आम्ही दोघं करायचो. दिगांबरभाऊ फौजेतून आलेले, माझ्याहून मोठे. काम मला त्यांनीच शिकवलं. गोळीच्या जागी पोलादी गेज, म्हणजे मापाचा ठोकळा, ठेवायचा आणि नळीमागचा सरकता बोल्ट लावून पाहायचा. बोल्ट पूर्ण बंद झाला, तर आतली फट वाढली. ती रायफल बाद, नाहीतर काडतूस आतच फाटतं.

त्या सकाळी एका रायफलीचा बोल्ट गेजवर सहज बंद झाला.

"भाऊ, ही तर बाद आहे."

"अबे, कालच पाह्यली मी. गेज घासला असन तो. ठेव तिकडं."

त्यांची नजर अधू झाली होती, हे मला ठाऊक होतं. निवृत्तीला दोन महिने उरले होते. चार लोकांसमोर त्यांची चूक कशाला काढायची, म्हणून मी ती चांगल्या रायफलींत ठेवून दिली.

दुपारी चाचणीला तीच रायफल घेऊन भाऊ स्वतःच बसले. पहिल्याच गोळीला काडतूस फाटलं आणि भडका तोंडावर आला. उजवा डोळा गेला.

दवाखान्यात चौकशीला साहेब आले. मी बोलणार, तेवढ्यात भाऊच म्हणाले, "गेज मी लावलाच नाई, साहेब. याले काई माहीत नाई."

साहेब गेल्यावर मी म्हणालो, "भाऊ, मी खरं सांगून येतो."

ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आता कोनाले सांगतं? सकाळीच भांडाचं होतं गा माह्यासंगं."