हिरवी म्हणायची काळी गाडी

(थायलंडमधलं लाम्फून. रविवार सकाळ. अंगणात काळी पिकअप; मागच्या काचेवर पट्टी: ‘ही गाडी हिरवी आहे.’)

साइपिन: गाडीच्या कागदावर माझं नाव आहे. विषय संपला.

थोंगखम: आणि काचेवर? देवळातल्या भिक्खूंनी पट्टी कुणासाठी दिली? मी बुधवारी जन्मलेला. बुधवारच्या माणसाला हिरवा रंग लाभतो. काळी गाडी मला बाधू नये म्हणून तिला हिरवी म्हणायची. मग गाडी कुणाची?

साइपिन: पट्टी सोलून घेऊन जा. गाडी इथेच राहील.

ओरावान: आई, बाबा, उद्या घटस्फोटाच्या सह्या आहेत. गाडीचं ठरलं नाही, तर कचेरीतला कारकून मागच्या वेळेसारखंच परत पाठवेल.

थोंगखम: तुझ्या आईला सांग.

ओरावान: समोरच बसलीय ती.

थोंगखम: बसलीय, पण ऐकतेय कुठे?

साइपिन: दोन वर्षं तेच ऐकतेय! वेगळा राहतोस, तरी दर रविवारी हजर. भांडतोस, जेवतोस, जाताना डबाही भरून नेतोस. पहाटे शेवयांची पातेली बाजारात मी नेते, या गाडीतून. तू काय नेणार? गळ आणि गांडुळं?

थोंगखम: मी भावाकडे जातोय कायमचा, लांब कोराटला. बिऱ्हाड काय डोक्यावर नेऊ?

साइपिन: बस आहे.

थोंगखम: बुधवारच्या माणसाची गाडी हिसकावून घेतलीस तर...

साइपिन: बुधवार, बुधवार! अरे, तुझ्या आईनंच मला सांगितलंय, दिवेलागणीनंतर झालास तू. म्हणजे रात्रीचा बुधवार. त्याचा धनी राहू. रंग काळा!

थोंगखम: काळा?

साइपिन: काळा.

थोंगखम: म्हणजे गाडी होती तशीच मला लाभणारी होती?

ओरावान: बाबा, पाणी देऊ?

थोंगखम: आणि मी तिला हिरवी म्हणवून राहूलाच डिवचत बसलो! तरीच सगळं बिनसलं. तू आधी का नाही बोललीस?

साइपिन: तू विचारलंस कधी? भिक्खूंनाही नुसतं ‘बुधवार’ सांगून मोकळा झालास. आणि बिनसलं ते तुझ्या वागण्यानं, पट्टीला बोल लावू नकोस.

थोंगखम: राहू चिडलाय हिच्यावर, नको बाई मला ही गाडी! तूच ठेव.

साइपिन: नक्की? उद्या कचेरीत फिरशील.

थोंगखम: राहूची शपथ. बसनं जातो.

साइपिन: सुटले एकदाची! ओरावान, उद्या लवकर निघू... अगं, तोंड का उतरलं तुझं? ‘मिटवा, मिटवा’ म्हणून तूच आमच्या मागे लागली होतीस ना?

ओरावान: हो.

थोंगखम: मग मिटलं की, बाळा.

ओरावान: मला मिटायला नको होतं, बाबा. भांडायला का होईना, तुम्ही घरी येत होतात.